माझ्या तबकडीवरची आठ हजार माणसं

मी एक सर्व्हर, जळगावच्या दीपचंदशेठच्या केळीच्या पेढीवरचा. आता अडगळीत पडलोय, पण दुसऱ्यांच्या घरात डोकावायची खोड काही गेली नाही. खोटं कशाला सांगू, माझं कामच ते होतं.

एक्क्याण्णव साली मला धुळ्याहून जीपमध्ये मांडीवर बसवून आणलं. शेठाणी धनकुंवरबाईंनी कुंकू लावलं. शेतकऱ्याचं नाव टाकलं, की माल कुठल्या ट्रकमध्ये भरायचा त्याची चिठ्ठी मी काढून द्यायचो.

नावं टाकायला होत्या सुमनबाई, पहूरच्या. नवरा लोटन याच पेढीला केळी घालायचा, तो विहिरीत पंप उतरवताना गेला, म्हणून इथं नोकरीला लागल्या. रोज सकाळी आल्या, की आधी त्याचंच नाव टाकायच्या. ते पडद्यावर आलं की क्षणभर बघायच्या आणि कामाला लागायच्या. मी कुणाला सांगितलं नाही.

पेढीची एक रीत होती. माणूस गेला तरी नाव खोडायचं नाही. खोडलं की तो दुसऱ्यांदा मरतो, असं शेठचे वडील म्हणायचे. म्हणून सगळ्या जुन्या वह्या माझ्यात उतरवल्या. बारा हजार नावं, त्यातली आठ हजार गेलेल्यांची! आणि कुणालाही शोधायचं तर मला पहिल्या नावापासून चालावं लागे. जिवंत माणसाच्या चिठ्ठीसाठी रोज त्या आठ हजारांच्या अंगणातून जायचं. कुणी अडवत नसे, पण सगळे बघत असत, असं मला वाटे.

बाहेर ट्रक उन्हात तापायचे. केळी घेऊन आलेले शेतकरी तोताराम आबा खिडकीतून ओरडायचे, "ओ बाई, तुना मशीनमा बैल जुंपेल शे का? केळी आठेच पिकी जातीन!" माल इथंच पिकून जायची धास्ती त्यांना रोजची.

शेठनी मला दुप्पट वेगाचा प्रोसेसर बसवला. तो बिचारा क्षणात तयार होई आणि माझ्या तबकडीची, म्हणजे नावं जिच्यावर लिहिलेली त्या डिस्कची, वाट बघत बसे. तबकडी आपली रांगतेच आहे.

"मेंदू नवा घातला," शेठ म्हणाले, "म्हणजे खोट तुमच्या बोटांत आहे, सुमनबाई. सोमवारपर्यंत बघतो, नाहीतर दुसरी बाई आणतो."

शनिवारी धुळ्याहून धनसिंग मेकॅनिक आला. मला उघडून बघितलं आणि हसला. "शेठजी, रेल्वेचं फाटक बंद असल्यावर बुलेट काय न् सायकल काय! बाईंचा दोष नाही. ही मेलेली नावं काढा."

शेठनी वडिलांच्या जुन्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "माझ्या हातून नाही व्हायचं. तुम्हीच पुसा."

सुमनबाई तो दिवस आणि रविवारही पुसत होत्या, धनसिंग शेजारी बसून. शेवटी एकच नाव उरलं. धनसिंगच्या ध्यानात आलं. "राहू द्या, ताई. एका नावानं काय अडतंय?"

"नको भाऊ. बाकीच्यांच्या घरी आपण कुठं विचारायला गेलो?"

आणि त्यांनी बटण दाबलं.

सोमवारी डोळ्याचं पातं लवायच्या आत चिठ्ठी निघाली. "बैल सोडी दिना का, बाई?" आबांनी विचारलं. सगळे हसले. सुमनबाईंची नोकरी राहिली. पण सवयीनं त्यांनी लोटनचं नाव टाकलं, आणि मी उत्तर दिलं, 'असं नाव नाही.' त्या तशाच बसून राहिल्या.

पुढं त्या पेढीवरून गेल्या, माझ्या जागी नवा आला. उद्या म्हणे भंगारवाला येणार आहे.

एक गोष्ट मात्र कुणालाच ठाऊक नाही. पुसलं म्हणजे फक्त दारावरची पाटी निघते. त्याच जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत आतलं माणूस तसंच असतं, आणि लोटनच्या जागेवर नंतर काहीच लिहिलं गेलं नाही.

बाबांनो, हातोडा मारण्याआधी कुणीतरी पहूरला निरोप धाडा. म्हणावं, सुमनबाई, त्या सोमवारी मी खोटं बोललो. ते आहेत इथंच.