लिफ्टमधला बोकड

आप्पांना आपल्या आवाजाचा भारी अभिमान. नोकरीभर त्यांनी कोर्टात पुकारा केला. व्हरांड्यात उभं राहून पक्षकाराचं नाव असं घ्यायचे, की बाहेर झाडाखाली पेंगणारा माणूसही दचकून उठे. "आवाज कसा हवा? विहिरीतून आल्यासारखा," असं ते ऐकणाऱ्याला सांगत. न ऐकणाऱ्यालाही सांगत.

म्हणून बिल्डिंगला नवी लिफ्ट बसली आणि मजल्यांची नावं पुकारायला कुणाचा तरी आवाज हवा झाला, तेव्हा आप्पा कुणी विचारायच्या आधीच घसा खाकरून तयार होते. लिफ्टवाल्या मेकॅनिकने यंत्र पुढे धरलं. आप्पांनी छाती फुगवून "तळमजला" पासून "दारात उभे राहू नका" पर्यंत सगळं एका दमात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून लिफ्टमध्ये शिरले. सोबत चार शेजारी. दार मिटलं आणि वरच्या जाळीतून एक किनरा, नाकातला आवाज आला, "पहिला मजला!"

आप्पा पोट धरून हसले. "हा कोण बोकड पकडून आणला रे?"

कुणी हसलं नाही. एक जण छताकडे बघायला लागला. शिवणकाम करणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "आप्पा, तुम्हीच की हो."

आप्पा तडक मेकॅनिककडे गेले. "माझा आवाज कुठे गेला?"

"काका, जसा बोललात तसाच भरलाय."

"खोटं! तू बोल बरं त्यात."

मेकॅनिक बोलला. यंत्राने हुबेहूब मेकॅनिक ऐकवला.

"बघ! तुझा बरोबर आला. माझाच कसा बिघडला?"

मेकॅनिकने कान खाजवला. "खरं सांगू का काका? मला माझाच चुकीचा वाटतोय. तुमचा अगदी बरोबर आहे."

आप्पांचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यांची सून दवाखान्यात लोकांचे कान तपासायची. सासऱ्यांचा उतरलेला चेहरा बघून ती म्हणाली, "बाबा, दोन्ही कानांत बोटं घाला आणि मोठ्याने बोला."

आप्पांनी बोटं घातली. "तळमजला!" आणि चेहरा उजळला. "हा! हाच माझा आवाज! विहिरीतून येतोय बघ!"

"विहिरीतून नाही, कवटीतून येतोय," सून म्हणाली. "आम्हाला तुमचा आवाज फक्त हवेतून येतो. हवा कानाचा पडदा हलवते, पडदा तीन इवलीशी हाडं हलवतो, आणि ती आत शंखासारख्या नळीतलं पाणी हलवतात. तिथून मेंदूला कळतं. पण तुम्ही बोलता तेव्हा तुमचा जबडा आणि डोक्याची हाडंही थरथरतात. तो थरथराट सरळ त्या शंखात पोचतो. हाडांतून जाड सूर जास्त जातात, म्हणून तुम्हाला तुमचा आवाज भारदस्त वाटतो. सगळ्यांचं असंच असतं."

आप्पांनी स्वतःचा जबडा चाचपून पाहिला. "म्हणजे माझा खरा आवाज फक्त मलाच ऐकू येतो?"

"तसंही म्हणता येईल."

"आणि इतकी वर्षं जग तो बोकड ऐकत होतं?"

सुनेने ओठ दाबून धरले. "पण बाबा, गोंगाटात जाड आवाज हरवतो. शब्द ओळखू येतात ते बारीक सुरांमुळे. तुम्ही पुकारलेलं नाव कुणाला कळलं नाही, असं कधी झालंय का?"

तसं कधीच झालं नव्हतं. पण आप्पांचं समाधान झालं नाही. ते स्वयंपाकघरात बायकोसमोर जाऊन उभे राहिले. "तू मला कधी बोलली का नाहीस?"

"मला काय ठाऊक, तुम्हाला वेगळाच ऐकू येतो ते?" बायको हातातलं काम न थांबवता म्हणाली. "आमच्या वडिलांचा कुंपणाचा दावा होता. मी त्यांच्यासोबत आले होते. तुम्ही त्यांचं नाव पुकारलंत आणि अख्खा व्हरांडा फिदीफिदी हसला. तुम्ही मात्र मान ताठ करून दुसऱ्यांदा त्याच ठसक्यात पुकारलंत. मला वाटलं, असा आवाज असून हा माणूस काय छातीचा आहे! घरी आलेल्या दोन स्थळांना मी नको म्हटलं ते त्याच दिवशी."

आप्पांना रागवावं की लाजावं कळेना. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारली. "तो कवटीतला आवाज दुसऱ्याला ऐकवता येतो का गं?"

"डोक्याला डोकं घट्ट टेकवलं तर थोडाफार जाईल."

थोड्या वेळाने सून पाणी प्यायला आत आली, तर सासूबाई कानांत बोटं घालून उभ्या, आणि आप्पा त्यांच्या कपाळाला कपाळ भिडवून डोळे मिटून उभे. काय बोलावं ते आप्पांना सुचत नव्हतं. मग ते म्हणाले, "चहा टाकतेस का?"

"अय्या, आला!"

"कसा आहे?"

सासूबाईंनी बोटं काढली आणि कपाळ चोळलं. "जाडसर आहे. चांगला आहे. पण माझं लग्न झालंय ते दुसऱ्याशी."

आप्पांनी खरोखरच मागे वळून पाहिलं. मग त्यांना समजलं, आणि ते इतके हसले की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी शिलाई मशीन थांबवून विचारलं, "काय झालं हो?"