बाटलीवरचं लेबल

माझं डोकं पटकन तापतं, हे आधीच सांगते. त्या दिवशी तर चार वाजता समितीसमोर उभं राहायचं होतं. फेलोशिप वाढली नाही, तर इथली कुवेंपुनगरातली खोली सोडायची आणि मुकाट साताऱ्याला परत जायचं.

दाखवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. एचआयव्हीचं एक प्रथिन यीस्टमध्ये तयार झालं, की पेशी विभाजनाआधीच अडकते आणि नुसती लांबत जाते. मी त्या प्रथिनात बारीकसा बदल केला, तर पेशी अडकेनात. तीनदा केलं, तीनदा तेच. मी हवेत होते.

शेवटची खात्री म्हणून मूळ प्रथिनवाल्या पेशीही कालपासून, तिन्ही वेळा वापरलेल्या त्याच बाटलीतल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या खाद्यात, वाढवल्या होत्या. अकरा वाजता मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. त्याही मजेत विभागत होत्या. म्हणजे प्रथिन तयारच होत नव्हतं, ना यांच्यात, ना माझ्या बदललेल्या पेशींत. आमच्या यीस्टमध्ये थायमिन हे जीवनसत्त्व म्हणजे बटण आहे. मीडियममध्ये ते असलं, की विषाणूचा जीन बंद.

"अंबूताई, मीडियममध्ये थायमिन घातलंत तुम्ही?" मी सगळ्यांसमोर ओरडले. "वाट लावलीत माझी."

अंबूताई वीस वर्षं इथे मीडियम बनवतात. इथल्याच लष्कर मोहल्ल्यातल्या, घरी मराठीच. त्यांनी फळीवरची बाटली फिरवून पाहिली, परत ठेवली. "बघते गं," एवढंच म्हणून बाहेर गेल्या.

तणतणत मी बाटली ओतून टाकायला घेतली. मागच्या बाजूला लेबल होतं: थायमिनसह. देवनागरीत. अंबूताई कन्नडमध्ये लिहितात, बाकीचे इंग्रजीत. देवनागरीत लिहिणारी लॅबमध्ये मी एकटीच. बाटली मीच बनवलेली, मीच चुकीच्या फळीवर, बिनथायमिनच्या बाटल्यांत ठेवलेली. मला माझीच लाज वाटली.

बाटली घेऊन तशीच आमचे लॅबप्रमुख व्यासराज सरांच्या खोलीत गेले, तर अंबूताई तिथून निघत होत्या.

"अदिती, अंबूताईंनी सांगितलं, चूक त्यांची," सर म्हणाले. "समितीला तसं कळवतो. सहा महिने वाढवून मिळतील तुला. बस."

अंबूताईंनी दारातच माझा हात दाबला. "इरली गं, राहू दे. माझी नोकरीची दोन वर्षं उरलीत, मला कोण काय करणार? तुझं सगळं पुढंच आहे, अल्ला? हो ना?" आणि त्या गेल्या.

सहा महिने. फक्त गप्प राहायचं होतं. मी खुर्चीत बसलेसुद्धा. बाटली मांडीवर, लेबलवर माझा तळवा.

मग ती टेबलावर ठेवली आणि लेबल सरांकडे फिरवलं.

"अंबूताईंना परत बोलवा, सर. आणि लॅबमधल्या सगळ्यांनाही. मी ओरडले ते सगळ्यांसमोर."