बसव्वाच्या घरावरची कौलं

वावटळ आली ती चहाच्या वेळेला. कबनूरपासून चार कोसांवरच्या त्या गावात वळवाचं वारं कुणाला नवं नव्हतं. पण अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यातलं ते वारं भिंगरीसारखं गरगरत माळावरनं उतरलं, वरच्या आळीत शिरलं आणि डोळ्याचं पातं लवेतोवर चिंचेचं झाड रस्त्यावर आडवं करून ओढ्याकडं निघून गेलं. आळीतल्या घरांचे पत्रे उडाले. धोंडुबाईचं घर तर कुडासकट बसलं. माणसं-जनावरं तेवढी वाचली.

बसव्वाचं घर चिंचेच्या अलीकडं, आळीच्या तोंडाशी. तिचं एक कौलसुद्धा हललं नाही. त्याचीच तिला चोरी झाली. जो तो येऊन आढ्याकडं बघायचा नि म्हणायचा, "तुमचं बरं हाय की!" जणू वाऱ्याला तिनंच चहापाणी करून पुढं धाडलं होतं. बसव्वानं धोंडुबाईला पोराबाळांसकट घरात घेतलं, मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि आमटी ढवळत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळासो आला. हा पक्षाचा कार्यकर्ता. कपड्यांना इतकी खळ, की बसला तर मोडेल असं वाटावं. "आमदारसाहेब पाहणीला येत्यात," तो बसव्वाच्या नवऱ्याला, शंकरप्पाला म्हणाला. "पण चिंच आडवी पडल्या. गाडी तुमच्या दारापतुरच येतीया."

"मग चिंच तोडा की," बसव्वा आतनं म्हणाली.

"टाइम कुठला, काकू? त्यापरास तुमचीच चार कौलं काढूया. पडल्यासारखं दिसाय पायजे. फोटोवाले बी येणार हायत."

बसव्वाला वाटलं, चेष्टा करतोय. पण शंकरप्पा साहेबांचं नाव ऐकूनच विरघळला होता. जन्मात त्याच्या दाराशी मोटार थांबली नव्हती. "चार कौलांनी काय हुतंय गं!" म्हणत त्यानं स्वतःच शिडी लावली. चाराची चाळीस झाली. बाळासोबरोबर आलेल्या एका हौशी कार्यकर्त्यानं दोन वासेही तिरके केले, थोडी कौलं फोडून अंगणात पसरली. बाळासो लांब उभा राहून, मान तिरकी करून बघत म्हणाला, "आता कसं, वादळ वाटतंय!"

साहेब आले. कौलांतनं वाट काढत सोप्यात शिरले, उघड्या छपरातनं आभाळाकडं बघून हळहळले. बाळासोनं शंकरप्पाला पुढं ढकललं. पडक्या घराचा हा मालक इतका हसत होता, की फोटोवाल्याला सांगावं लागलं, "पावणं, जरा रडवं तोंड करा."

मग साहेब बसव्वाकडं वळले. "आजी, काय नुकसान झालं? निवांत सांगा."

बसव्वानं पदर खोचला. "वाऱ्यानं कायबी केलं न्हाय, साहेब. ही कौलं तुमच्या माणसांनी काढली. ती चढवून दिल्याबिगर जाऊ नगा, आभाळ भरून आलंय. आणि खरी घरं पडल्यात ती चिंचेच्या पल्याड. चला बघाय."

बाळासो घामानं थबथबला.

साहेब चिंचेपर्यंत चालत गेले. बुंध्यापाशी थांबले, आपल्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं, फांद्यांतनं पलीकडं जरा डोकावले. "झाड मोठं होतं," असं गंभीरपणे म्हणून परतले. फोटोवाल्यांसमोर फजिती नको म्हणून गाडीत बसता बसता बाळासोला तेवढा हुकूम सोडला, "आजींची कौलं बसवून द्या."

मग गावानं कधी न बघितलेली गंमत बघितली. खळीच्या कपड्यांतले कार्यकर्ते बसव्वाच्या आढ्यावर रांगत होते आणि धोंडुबाई खालनं कौलं देत ओरडत होती, "दादा, उलटं लावलासा की वो!"

दुपारी पाऊस कोसळला. कार्यकर्त्यांनी बसवलेलं छप्पर चाळणीसारखं गळलं. शंकरप्पानं घमेली, पाट्या मांडल्या आणि बायकोची नजर चुकवत कोपरा धरला.

"पर मोटार आलीती की दारात," तो पुटपुटला.

"आलीती. आता घमेलं भरलंय, वतून या."

धोंडुबाईला हसू आवरेना. "अक्का, आता तुमी बी आमच्यातल्याच!"

पाऊस उघडल्यावर आळीतली माणसं कुऱ्हाडी घेऊन चिंचेवर तुटून पडली. फांद्या तोडून त्यांनी वाट केली. कालपासून बसव्वाशी धड न बोलणाऱ्या बायका त्याच वाटेनं प्लास्टिकचा भलामोठा कागद घेऊन तिच्याकडं आल्या. ओल्या आढ्यावर चढायचं म्हटल्यावर शंकरप्पाचे गुडघे अचानक दुखायला लागले. बसव्वानं कासोटा आवळला आणि स्वतःच शिडी चढली.