मिटल्या डोळ्यांची सभा

आमच्या वसाहतीच्या पाण्याच्या टाकीचा कारभार आम्ही रहिवासीच बघतो. माणशी एक मत, आणि सभा घडवून आणते एक संस्था. भिडेपोटी कोणी मत देऊ नये म्हणून संस्थेच्या ताईंनी पद्धत घालून दिली आहे: सगळ्यांनी डोळे मिटायचे, मग हात वर. मोजून झालं की त्या "खाली" म्हणतात, मगच डोळे उघडायचे.

त्या दिवशी मागणी माझी होती. पाणी तपासून घ्या. बाळाचं पोट ठिकाणावर नव्हतं, आणि सभेच्या ठरावाशिवाय प्रयोगशाळा नमुना घेत नव्हती.

"काही निघालं तर नळ बंद," अध्यक्ष म्हणाले. "मग धावा टँकरमागे! कशाला हे विकतचं दुखणं?"

"पहिलटकरणीला बाळ शिंकलं तरी साथ आल्यासारखी वाटते," समोरच्या आजी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

डोळे मिटले. डाव्या हातावर बाळ, उजवा हात वर. शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या बाहीची सळसळ ऐकू येते का, म्हणून कान देऊन बसले. पंखा तेवढा ऐकू आला.

"खाली," ताई म्हणाल्या. नेमकं तेव्हाच बाळ कण्हलं. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे बघत होते. माझा हात अजून वरच.

"बाजूने एक," ताई म्हणाल्या.

सभा उठल्यावर मी त्यांना गाठलं. "तुम्हाला पटतंय ना? मग संस्थाच का नाही तपासून घेत?"

"पटतंय. पण टाकी तुमची आहे. आज तुमच्यासाठी सभा डावलली, तर उद्या आणखी कोणासाठी तरी डावलेन."

बरोबरच होतं. बाळाच्या पोटाला ते कळत नव्हतं.

"हात वेळेवर खाली तरी घ्यायचास," घरी नवरा म्हणाला.

"तू वर तरी करायचास."

तो बादली भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. कडेवरची मुलगी मलूल, डोळे खोल गेलेले. इकडेतिकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "पाणी किती वेळ उकळतेस गं?"

"चांगलं खळखळ उकळू देते. वहिनी, पुढच्या सभेत हात वर कराल?"

"अगं, अध्यक्ष म्हणजे ह्यांचे सख्खे काका." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

मी घरात आले आणि सगळ्यांत मोठं पातेलं काढलं. आमच्या घराला लागतं त्याहून बरंच मोठं.