साडूच्या शब्दावर घेतलेली गाडी

निरवांगीच्या हिंदुरावांनी, म्हणजे गावाच्या आबांनी, शहाण्णव साली नवी कोरी पांढरी डिझेल गाडी घेतली, आणि तेव्हापासून आबा फार माणसाळले असं गाव म्हणू लागलं. पूर्वी रामराम घातला तरी मान न हलवणारे आबा आता वाटेत कुठंही गाडी उभी करायचे. उसाला पाणी पुरतंय का, म्हैस व्याली का, जावयाची बदली कुठं झाली, सगळी विचारपूस व्हायची. निवांत बोलून झालं की मगच गाडीत बसायचे.

खरी गोष्ट एकट्या बनाबाईंना, त्यांच्या बायकोला, ठाऊक होती. इंजिन तापलं की गाडी मधेच बंद पडायची आणि निवल्याशिवाय काही केल्या सुरू व्हायची नाही. पहिल्या आठवड्यातच हे ध्यानात आलं. पण पेढे वाटत आणलेली गाडी चारचौघांत ढकलायची कशी? म्हणून ती बंद पडली की आबा ऐटीत खाली उतरायचे आणि समोर दिसेल त्याच्यावर माया करायचे. एकदा कुणीच दिसेना, तर दुसऱ्याची मका न्याहाळत बांधावर उभे राहिले.

बारामतीच्या डीलरकडं गाडी चारदा नेली, तीही भल्या सकाळी, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मेकॅनिक काहीतरी खटपट करायचा, दोन दिवस बरे जायचे, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आणि दर वेळी आबा काउंटरवर वाकून हळूच सांगायचे, "कागदावर बंद पडती असलं काय लिवू नका. सर्व्हिसिंग म्हणून लिवा." डीलरचं तर आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन असं झालं.

अशातच कऱ्हाटीहून दत्तोबा आले. हे आबांचे साडू, बनाबाईंच्या धाकट्या बहिणीचे, फुलाबाईंचे, यजमान. त्यांनाही गाडी घ्यायची होती.

"कशी हाय गाडी?" त्यांनी विचारलं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "डोळं झाकून घ्या. आजवर तक्रार म्हणून न्हाय."

बनाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं आणि कप जरा जोरातच ठेवला. दत्तोबांनी महिन्याभरात त्याच डीलरकडून तीच गाडी घेतली. चालवायला त्यांचा मुलगा सिद्धू होता.

पुढं वर्ष निघालं. एके दिवशी बनाबाईंना डोळे दाखवायला नेताना, इंदापूरपाशी सोलापूरचा हायवे ओलांडतानाच गाडी मेली. समोरून ट्रक येत होता. ट्रकच्या ड्रायव्हरनं तो कसाबसा वळवला म्हणून दोघं वाचली. घरी येऊन उंबऱ्यात पाय ठेवताच बनाबाई म्हणाल्या, "इज्जत तुमची, अन् मरायचं म्या व्हय?"

दुसऱ्या दिवशी आबा इंदापूरला करुणाताईंकडं गेले. त्या गावातल्याच ज्ञानू मास्तरांच्या लेक, तालुक्याला वकिली करायच्या.

"हक्क तुमचाच आहे, आबा," त्या म्हणाल्या. "वॉरंटीत चारदा दुरुस्ती करूनही तोच दोष राहत असेल, तर गाडी बदलून मागा, नाहीतर पैसे परत मागा. डीलर आणि कंपनी, दोघांकडं. पुण्याला ग्राहक मंच आहे. पण या चारही कागदांवर नुसतं सर्व्हिसिंग लिहिलंय."

"ते मीच लिवायला लावलं."

"का?"

आबांनी का ते सांगितलं. करुणाताईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "मग मंचापुढं हे असंच्या असं सांगावं लागेल."

"ते सोडून काय बी सांगतो," आबा म्हणाले.

ताईंनी परोपरीनं सांगून बघितलं, पण आबा ऐकतील तर शपथ. तेवढं एक वगळून तक्रार दाखल झाली. सुनावणीच्या दिवशी डीलरच्या वकिलानं साक्षीला कुणाला उभं करावं? दत्तोबांना! ‘तुमचे साडू फुकटात दुसरी गाडी लाटायला बघतायत,’ असं डीलरनं त्यांच्या मनात भरवलं होतं.

"गाडीत दोष न्हाय साहेब," दत्तोबा ठासून म्हणाले. "ह्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून न्हाय. ह्यांची गाडी रस्त्यात अडल्याली कुणी बघितली न्हाय. माझीच तेवढी बंद पडती, त्ये माझ्या पोरानं इंजिनाची वाट लावली म्हणून."

मंचाच्या अध्यक्षांनी आबांकडं पाहिलं. "तुम्ही यांना असं सांगितलं होतं?"

आता कुठं आबांच्या डोक्यात उजेड पडला. दत्तोबांचीही गाडी तशीच बंद पडत होती. गप्प राहिलं तर खटला जाणार, बोललं तर अब्रू जाणार. पण गप्प राहिलं तर साडूही फसलेलेच राहणार होते. ते उठून उभे राहिले.

"सांगितलं, साहेब. खोटं सांगितलं. गाडी पयल्या आठवड्यापासनं बंद पडती. लोकांना कळू नये म्हणून मी उतरून गप्पा मारत हुतो. सर्व्हिसिंग बी मीच लिवायला लावलं. लाज वाटत हुती."

मागं कुणीतरी खुसखुसलं. दत्तोबा हसले नाहीत. साक्षीच्या जागेवरून ते साडूकडं बघत राहिले.

"मग माझ्या सिद्धूनं काय केलं हुतं?" त्यांनी विचारलं.

कुणालाच काही कळलं नाही. दत्तोबांनी मग मोडक्या शब्दांत सांगितलं. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्यांनी पोराला शिव्या घातल्या. पुढं एकदा भर चौकात, लोकांदेखत, त्याच्या तोंडात मारली. साडूची गाडी पाण्यासारखी पळते आणि तुझ्याच हातात कशी मरते? सिद्धू त्याच रात्री घरातून गेला. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागला, तो अजून घरी आला नव्हता.

मंचानं दोन्ही गाड्या तज्ज्ञाकडून तपासून घेतल्या. दोन्हींच्या डिझेल पंपात मुळातच दोष निघाला. हिंदुरावांना गाडी बदलून द्यावी, खर्च वेगळा द्यावा, असा निकाल लागला. दत्तोबांनीही तक्रार दाखल केली.

निकालाच्या दिवशी आबा परस्पर बारामतीला गेले. कारखान्याच्या गेटवर सिद्धू आला. वाळला होता. आबांनी त्याला सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"म्हंजी गाडी आधीपासनंच खराब हुती," सिद्धू म्हणाला.

"व्हय."

"अन् तुमाला ठावं हुतं."

"व्हय, पोरा. चुकलो मी."

आत भोंगा झाला, तसा सिद्धू वळला. जाता जाता थांबून म्हणाला, "तुमची गाडी मंचानं बदलून दिली, काका. चौकात मारल्याली मला कोण बदलून देनार?"

आबांनी कऱ्हाटीची एसटी धरली आणि दत्तोबांच्या दारात जाऊन म्हणाले, "दत्तोबा, चला. त्याच चौकात गावापुढं सांगतो, पोराची चूक नव्हती. मग त्याला आनायला दोघं जाऊ."