मुबीनाच्या आठशे ओळी

ऐक बे, फक्त ऐक, मधात तोंड घालू नको. आपली मनाली माहीत आहे ना, जळगाव जामोदची, बस स्टँडच्या मागं राहते ती? तिनं मतीनभाऊच्या दुकानातून जुना लॅपटॉप घेतला. काऊन, तर प्रोग्रामिंगच्या फुकटच्या ऑनलाइन क्लासमंधी तिले जागा पाह्यजे होती. अन् सरनं साफ सांगतलं होतं, "रविवारी पाच वाजता स्क्रीन दाखवा. ज्याची मशीन तयार, तोच आत."

रविवारी दुपारी दोनले मनाली बसली. मशीन तयार करणं म्हणजे काय, तर एक काळी खिडकी उघडाची. ना चित्र, ना माऊस. एकेक हुकूम टाइप कराचा अन् मशीननं तो पाळाचा. दर ओळीच्या सुरवातीले आपोआप "मुबीना" लिहून ये. मनालीले वाटलं, लॅपटॉपच्या कंपनीचं नाव असन!

सरनं पाठवलेल्या पीडीएफमधून पाहू पाहू तिनं प्रोग्रामिंगचं सामान इन्स्टॉल केलं. पण त्याचं नाव टाइप करून हाक मारली की मशीन म्हणे, असा कोणी माह्या ओळखीचा नाही. अबे, आत्ताच तर घरात घेतला न त्याले! दहादा हाक मारली, दहादा तेच. वैतागून वरच्या बाणाची कळ तिनं दाबूनच धरली. तिच्या ओळी सरसर मागं गेल्या, अन् मंग पाह्य, तिनं कधीच न लिहिलेल्या ओळी याले लागल्या! कोणीतरी आधी इथं बसून गेलं होतं, अन् मशीननं त्याचा एकेक हुकूम जपून ठेवला होता. आठशेच्या वर ओळी!

आता कशाचा क्लास अन् कशाचं काय, मनाली पार पहिल्या ओळीपर्यंत गेली अन् तिथून वाचतच सुटली. दोनशेव्या ओळीपाशी तिचंच दुखणं! त्या माणसानंही तीच हाक सातदा मारली होती. मंग तीन उपाय फसले, अन् चौथ्यात त्यानं मशीनले पत्ता सांगतला, का बा सामान या फोल्डरात राहते. मनालीनं तीच ओळ चालवली. ओळखलं बे मशीननं!

तशीच ती शेवटापर्यंत गेली. शेवटी एकच हुकूम अकरादा, अन् मंग मशीन बंद. त्याच्यापुढं त्या माणसाचं काहीच नाही. पाहते तं ती पीडीएफमधली शेवटचीच पायरी! सरनं खाली लिहिलं होतं, आधी प्रोजेक्टची वेगळी खोली, म्हणजे मशीनमध्ये त्याची स्वतंत्र जागा, बनवा, मगच हा हुकूम. तेवढंच त्या माणसाले कोणी सांगतलं नव्हतं.

तिनं मतीनले फोन लावला. "मतीनभाऊ, हे मुबीना कंपनी कुठची?"

"कंपनी? अगं, माही बहीण व्हय! तिच्यानं जमलं नाही, तं म्हणे लॅपटॉप इकून टाक."

"जमलं नाही? एकच पायरी राह्यली होती तिची! पाठवा तिले, आत्ताच्या आत्ता."

साडेचारले मुबीना आली. स्क्रीन पाहून लाजली. "सगळ्या चुका वाचल्या का वं माह्या?"

"हाव. त्यायच्याच भरोशावर इथपर्यंत आली मी."

वेगळी खोली मनालीनं बनवली, शेवटचा हुकूम मुबीनानं टाकला. अन् चाललं! 

पाच वाजता सर व्हिडिओ कॉलवर आले. "छान. पण इथे नाव मुबीनाचं कसं?"

मनालीनं सगळं खरं सांगतलं. "सर, मशीन एक आहे, पण तयार दोघींनी केली. दोघींले घ्या."

"एका मशीनवर एकच जण, नियम आहे. दोन मिनिटांत ठरवा."

मुबीना उठून चप्पल पायात घालाले लागली. मनालीनं तिचा हात धरून तिले खुर्चीवर बसवलं, अन् म्हणे, "मंग मुबीनाले घ्या सर. मी बाजूले बसून शिकीन."

गेली न बे तिची जागा! आता खरं सांग, तू काय केलं असतं?