वाचणारा आणि सांगणारा

“थांबा गेणभाऊ, एवढ्याचा अर्थ होऊ द्या,” भिमाजी गुरुजी म्हणाले, आणि गेणभाऊच्या तोंडातली ओवी तोंडातच राहिली.

पिंपरी पेंढारच्या महादेवाच्या देवळात श्रावणातली दुपारची पोथी चालली होती. गेणभाऊ ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. सकाळी नळाच्या चाव्या फिरवायच्या आणि श्रावण आला की दुपारी पोथी वाचायची, यात त्याची बावीस वर्षं गेली. आवाज असा खणखणीत, की स्पीकर लागत नसे. पण गेल्या वर्षी गुरुजी शाळेतून रिटायर होऊन गावी आले, शेजारी बसून अर्थ सांगू लागले, आणि लोक “काय सांगितलं राव गुरुजींनी!” म्हणत घरी जाऊ लागले. चहाचा पहिला कपसुद्धा गुरुजींना. गेणभाऊच्या पोटात नुसतं दुखत होतं.

आज त्यानं गुरुजींना खिंडीत गाठायचं ठरवलं होतं. अध्यायच तसा होता. देव गोसाव्याच्या वेषात राजाच्या दारी येतो आणि जेवायला त्याचंच पोर मागतो. राजाराणी पोराला कापतात, राणी त्याचं मस्तक उखळात घालून कांडते. शेवटी देव प्रसन्न होतो आणि पोर धावत येतं. गेणभाऊ दरवर्षी हे एका दमात वाचून पार करी. आज तो बरोबर उखळापाशी आपणहून थांबला.

“हं गुरुजी, सांगा आता अर्थ. देव व्हता ना त्यो? मग असलं का मागितलं?”

गुरुजी चष्मा पुसत राहिले. म्हाताऱ्या कुशाबाला राहवेना. “परीक्षा घेतली देवानं. त्यात काय येवढं?”

“परीक्षा आईबापाची आणि जीव पोराचा, हे कसं काय कुशाबा?” गुरुजी म्हणाले.

“पन मागनं जित्तं केलं की!”

“केलं. पण सुरी फिरली तेव्हा त्या पोराला काय वाटलं असेल, ते पोथीत नाही.” गुरुजींनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. गडी अडकला, म्हणून गेणभाऊला आतून गुदगुल्या होत होत्या.

“गुरुजी, एक इचारू?”

बायकांच्या बाजूनं आवाज आला. चिमाबाई होती, गेणभाऊची बायको. बावीस वर्षं ती त्याच खांबाला टेकून ऐकत आली होती आणि एक शब्द बोलली नव्हती.

“त्या राजानं न्हाई म्हटलं असतं तर? पोर देत न्हाई, जा, असं म्हटलं असतं, तर देवानं काय केलं असतं?”

ती हे का विचारतेय, ते देवळात सगळ्यांना ठाऊक होतं. तेरा वर्षांपूर्वी असाच श्रावण होता आणि घरी दोघांचा चार वर्षांचा मुलगा भरत तापानं फणफणला होता. चिमाबाईनं देवळात निरोप धाडला. गेणभाऊनं मान हलवली आणि वाचत राहिला, कारण अध्याय अर्धा सोडायचा नसतो. अध्याय संपला, आरती झाली, मग त्यानं जीप शोधली. दवाखान्यात नेताना नारायणगावच्या अलीकडंच पोर गेलं. गावानं गेणभाऊच्या निष्ठेचं कौतुक केलं. चिमाबाई काहीच बोलली नाही, ना तेव्हा, ना नंतर.

“काही केलं नसतं, वहिनी,” गुरुजी हळू म्हणाले. “उठून गेला असता उपाशी. एका जेवणावाचून देवाचं काय अडतं? आणि रागावला असता, तर तो कसला देव? मला एवढंच कळतं.”

चिमाबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिला रडू फुटलं आणि तिनं ते आवरलं नाही. रडता रडता ती गुरुजींकडे बघत होती, एखाद्या सख्ख्या माणसाकडे बघावं तशी. गेणभाऊला त्या क्षणी भरत आठवायला हवा होता. पण मनात उठला तो मत्सरच. तेरा वर्षांचं दुःख हिनं बाहेर काढलं, तेही दुसऱ्या पुरुषापुढं!

त्यानं पुढचं भराभर वाचलं. पोथीतलं पोर धावत आलं तेव्हा कुणी ‘हर हर महादेव’ही म्हटलं नाही.

घरच्या वाटेवर त्याला दम धरवेना. “मला का न्हाई इचारलंस? मी काय परका व्हतो?”

चिमाबाई थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळं त्याला आणखीच भीती वाटली.

“तुमाला कवा इचारनार?” ती म्हणाली. “तुमी वाचत व्हता.”

ती पुढं निघाली. दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं. गेणभाऊनं ते घरापर्यंत तसंच ठेवलं.